इंजिन चालू ठेवून

हायवेच्या कडेला यंदाही निळी फुलं आली आहेत. ब्लूबॉनेट म्हणतात त्यांना. मार्च संपत आला की टेक्सासचे लोक गाड्या सरळ गवतात उतरवतात, पोरांना त्या फुलांत बसवतात आणि फोटो काढतात. पोरं रडतात, लाल मुंग्या चावतात, तरी फोटो काढतातच. आमच्या सुजाताचेही तसले फोटो घरात आहेत, आणि प्रत्येकात ती कपाळाला आठ्या घालून बसली आहे. काल प्रमोद गाडी चालवत होता. मी म्हटलं, "आली बघ." तो म्हणाला, "दिसली." नवरा-बायकोचं एवढंच बोलणं झालं. पण मला माहीत आहे, त्यालाही तेच आठवलं असणार. नव्वदीच्या दशकातला तो एक वसंत. रोडिओपासून जूनच्या परेडपर्यंत मी या शहरातल्या एकूण एक सणाला गेले, आणि एकाही सणात माझा जीव नव्हता.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी जास्त गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. कमी बोललं तरी चुकचुकते. प्रमोद म्हणतो, तुझ्या मनात पालींचं अख्खं बिऱ्हाड आहे. म्हणू दे बापडा. हा गुण मला आईकडून आला. आई शिक्षिका होती, नागपूरहून तिची खेड्यापाड्यांत बदली व्हायची. नवीन गावात कुणाच्या घरी गेली की ती आधी पाणी मागायची, तहान नसली तरी. पाणी कशात आणतात, हातात देतात की समोर ठेवतात, आणि रिकामा पेला परत नेताना कसा धरतात, एवढं बघून ती ठरवायची की या घरी पुन्हा यायचं का. "बोलताना माणूस खोटं बोलते," ती म्हणायची, "पेला धरताना नाही बोलू शकत."

अमेरिकेत ही परीक्षा फुकट गेली. इथे सगळ्यांनाच कागदी पेले, आणि पिऊन झालं की कचऱ्यात. इथे परीक्षा आडनावाने घेतात. "बोरकर म्हणजे गोव्याचे का हो?" पहिल्या भेटीत, हातात समोसा असताना. आम्ही बोरकर विदर्भातले आणि बौद्ध.

टेक्सासला येण्याआधी आम्ही न्यू जर्सीत होतो, वेस्ट विंडसरच्या बाजूला. तिथे एका जेवणात कुणीतरी असंच विचारलं आणि प्रमोदने सरळ सांगून टाकलं. कुणाच्या हातातला चमचासुद्धा थांबला नाही. "अच्छा, अच्छा, छान," म्हणाले. वर आग्रहाने श्रीखंड वाढलं. आणि त्यानंतर आमचा फोन वाजायचा थांबला. भांडण नाही, तंटा नाही, शब्दाला शब्द नाही. कोजागरी झाली, हळदीकुंकू झालं, हे आम्हाला सगळं होऊन गेल्यावर कळायचं. सुजाता तेव्हा लहान होती. "व्हाय डोन्ट वी गो टू नेहाज हाउस एनीमोर?" असं विचारायची. मी सांगायचे, नेहाला बरं नाही. ती नेहा बिचारी वर्षभर आजारी होती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर घेतलं तेव्हा आमचं ठरलं होतं, इथे आपण होऊन काही बोलायचं नाही. कुणी गोवा म्हटलं तर हसायचं.

पण घरात एक फोटो होता. बाबासाहेबांचा, निळ्या कोटातला. माझ्या वडिलांनी दिलेला. नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली त्या दिवशी बाबा त्या मैदानावर होते, ऐन तारुण्यात. मी अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांनी हा फोटो माझ्या साड्यांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाले, "समोरच्या खोलीत लावजो." फोनवर दर वेळी विचारायचे, "लावला ना?" मी म्हणायचे, हो बाबा. फोटो होता बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये, स्वेटरांच्या वरच्या फळीवर. आणि त्या वर्षी जूनअखेर बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला यायचे होते. तिकीट झालं होतं. फोटो समोरच्या खोलीत लावला की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार, आणि मग सुजाताला मी कितीजणींचं आजारपण सांगू? आता ती बारा वर्षांची झाली होती.

येणाऱ्याजाणाऱ्यांत पहिल्या होत्या सुनंदाताई डोंगरे. दोन रस्ते सोडून राहायच्या. नवरा डॉक्टर, बोलणं शुद्ध, साडीची पिन जागच्या जागी. दरवर्षी पाडव्याला मराठी घरांचा जो आमचा ग्रुप जमायचा, त्याच्या त्या न निवडलेल्या अध्यक्ष. डोंगरे म्हटल्याबरोबर मी मनात ठरवून टाकलं, कोकणस्थ. त्यांची मुलगी यशू आणि माझी सुजाता यांचं मात्र गूळपीठ होतं. एकाच वर्गात, एकाच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायच्या आणि दोघी मिळून तीच एक चुकीची सुरावट वाजवून सगळ्यांचे कान किटवायच्या. त्यामुळे सुनंदाताईंशी संबंध ठेवणं भाग होतं. त्यांनी सत्यनारायण घातला, आम्ही गेलो. मग आम्हाला काहीतरी करणं आलं, म्हणून मी गणपती बसवला. इंडियन दुकानातून एक लहानसा देव्हारा आणला. कुणी येणार असलं की देव्हारा क्लॉझेटमधून बाहेर यायचा आणि आत फळीवरच्या फोटोवर मी ओढणी टाकायचे. बावीस प्रतिज्ञा लहानपणी पाठ केलेली मी बाई. माझं मलाच तोंड दाखवायची लाज वाटायची.

तर फेब्रुवारीच्या शेवटी या शहराला रोडिओचं, म्हणजे घोड्या-बैलांच्या खेळांच्या जत्रेचं, वेड लागतं. लांबलांबच्या गावांहून माणसं घोड्यांवर बसून, घोडागाड्या हाकत शहरात येतात. एरवी सिग्नल हिरवा झाल्यावर क्षणभर उशीर झाला तरी हॉर्न मारणारे लोक घोड्यांसाठी मुकाट थांबतात. शाळेत पोरं बूट-हॅट घालून जातात. प्रमोदच्या ऑफिसात तर आंध्रापासून अमरावतीपर्यंतचे यच्चयावत इंजिनिअर त्या दिवशी गुराखी व्हायचे, कमरेला बशीएवढं बक्कल लावून. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण आत कुठेतरी चिडचिड व्हायची. माझ्या आज्याने गावातली मेलेली ढोरं ओढली. त्याच्यासारखी वेशभूषा करून मिरवावं असं कुणाला कधी वाटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपची मंडळी आमच्याकडे वडापाव खायला आली. अचानक थंडी पडली होती, सगळ्यांची जाकिटं बेडरूममधल्या पलंगावर. ऐन गडबडीत मला ओढणी सापडली नाही, म्हणून मी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. निघताना जाकिटं आणायला सुनंदाताई आत गेल्या. जरा जास्तच वेळ लागला त्यांना. सगळे गेल्यावर मी बेडरूममध्ये गेले, तर क्लॉझेटचा लाइट चालू. आणि फोटो सरळ. भिंतीकडे पाठ, तोंड माझ्याकडे.

"माय वो," मी तिथेच खाली बसले. "प्रमोद, त्यांना समजलं."

"समजलं तं समजलं," तो म्हणाला. "तू काऊन एवढं डोकं लावतं?"

"त्यांनी फोटो फिरवून पाहिला. कोण आहे म्हणून."

"मग ओळखलं असन. अख्खा देश ओळखते त्यांना." आणि तो झोपायला गेला.

दोन आठवड्यांनी फोन वाजला. पलीकडे एक तरुण आवाज. "जयभीम ताई." मी गारच पडले. त्या घरात, त्या फोनवर, हे शब्द बाबांशिवाय कुणी उच्चारलेच नव्हते. मुलगा युनिव्हर्सिटीत शिकत होता. आम्ही चार-पाच विद्यार्थी यंदा जयंती करतोय म्हणाला, लायब्ररीची एक खोली घेतली आहे, तुम्ही या. "माझा नंबर कुणी दिला?" मी विचारलं. "एका ताईंनी. नाव सांगू नका म्हणाल्या."

"राँग नंबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मराठीत बोलून झाल्यावर राँग नंबर!

त्याने पुन्हा फोन केला. मी उचलला नाही, मग मशीनवर निरोप ठेवला. चौदा एप्रिलच्या जवळचा रविवार, दुपार, लायब्ररीचा पत्ता. प्रमोदने निरोप ऐकला आणि म्हणाला, जाऊ ना. मी म्हटलं, आणि कोण कोण येते ते पाह्यला कोणी येऊन बसलं असलं तं? आता हा संशय म्हणजे कळसच होता, मला मान्य आहे. पण तुम्हीच सांगा. फोटो एकाच बाईने पाहिला. आणि नाव न सांगता माझा नंबर कुणीतरी वाटतंय. त्याच बाईने गंमत म्हणून, खात्री करायला म्हणून हे केलं नसेल कशावरून?

मग पाडवा आला. गुढीला बांबू मिळत नाही म्हणून पडद्याचा रॉड, त्यावर कुणाची तरी पैठणी आणि स्टीलचा गडू. कडुनिंबाऐवजी दरवर्षी कसलातरी कडू पाला आणायचे, त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भाड्याच्या हॉलच्या स्वयंपाकघरात दरवर्षी पुऱ्या तळायचं काम माझं. पुरी फुगवावी तर बोरकरबाईंनी, असं नाव होतं. त्या वर्षी मी पदर खोचून आत पाऊल टाकलं, तोच सुनंदाताई दारात आडव्या आल्या.

"तू आज तळणाला नको. बाहेर मुलांपाशी बस."

"का हो? दरवर्षी मीच..."

"आज नको म्हटलं ना."

आतून हसण्याचा आवाज येत होता, पुऱ्यांचा वास येत होता. मी मुलांमध्ये जाऊन बसले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, म्हणून फुगे फुगवत राहिले, म्हणजे तोंड लाल झालेलं खपून जातं. स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. बास. आता आणखी काय पुरावा हवा? आईची पेल्याची परीक्षा अमेरिकेत अशी समोर आली.

पुढच्या रविवारी सगळ्या ग्रुपची ब्लूबॉनेटची सहल होती. जायचं नव्हतं, पण सुजाता ऐकेना. "मॉम, यशू इज गोइंग!" टेकडीच्या उतारावर लांबपर्यंत निळंच निळं. सगळ्याजणी किती सुंदर, किती सुंदर करत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे चौदा एप्रिलचं नागपूर आलं. झेंडे, पताका, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, रस्त्यात वाटलं जाणारं सरबत, आणि बाबांच्या खांद्यावर बसलेली मी. तेवढ्यात सुनंदाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "किती निळं आहे गं." आणि माझ्याकडे बघितलं.

मला खडे टाकून पाहताहेत, दुसरं काय! "मला या फुलांची अॅलर्जी आहे," मी म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.

आमच्या शेजारी मिस लोरेन राहायची. शाळेतून निवृत्त झालेली काळी बाई, आवाज असा की कुजबुज करायला गेली तरी रस्त्यापलीकडे ऐकू जावी. तिच्या चर्चच्या आवारात एप्रिलमध्ये क्रॉफिशची जत्रा भरायची. हे गोड्या पाण्यातले लालभडक, बोटभर झिंगे. मोठमोठ्या हंड्यांत मक्याच्या कणसांबरोबर उकडतात आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर सरळ ओततात. पोरींसाठी सुनंदाताईही आल्या होत्या. "आम्ही नाही हो खात," त्यांनी लोरेनला सांगितलं. मीही तेच सांगितलं. खरं तर नदीचे झिंगे खातच मी वाढले. वासानेच तोंडाला पाणी सुटलं होतं. यशूला कवच निघेना. सुनंदाताईंनी बोलता बोलता तिच्या हातातला क्रॉफिश घेतला, डोकं पिरगाळलं, शेपटीतला काळा दोरा एका झटक्यात ओढून काढला आणि मांस तिच्यापुढे ठेवलं. कधी न खाणाऱ्या बाईचा हात असा चालत नाही. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईने हात पुसले. "मैत्रिणीकडे पाहिलं होतं एकदा," म्हणाल्या.

आता शहाण्या माणसाने यावरून काहीतरी वेगळं ताडलं असतं. मी काय ताडलं? की ही मला दाखवून देतेय, तुम्ही लोक काय खाता ते मला ठाऊक आहे म्हणून. संशय एकदा डोक्यात शिरला की अक्कल बाहेर पडते.

तो रविवार उजाडला. जायचं नाही असं पक्कं ठरवून मी सकाळी साड्यांचा कप्पा उघडला आणि पांढरी साडी काढली. निळ्या काठांची, आईची. प्रमोद प्लांटवर होता, दुरुस्तीसाठी शटडाउन चालू होता त्यांचा. सुजाताला लोरेनकडे सोडलं आणि एकटीच निघाले. वाटभर स्वतःला बजावत होते, नुसतं बघून यायचं. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी कडेच्या झाडाखाली लावली. इंजिन चालू, एसी चालू, सीटबेल्ट तसाच. दारातून तीन-चार मुलं खुर्च्या नेत होती. एकाच्या हातात केक होता, एकाच्या हातात गुंडाळलेला निळा कपडा. साधीसुधी पोरं, इस्त्री केलेले शर्ट घातलेली. मी बेल्टचं बटण दाबणारच होते.

आणि समोरच्या रांगेत मला ती गाडी दिसली. चॉकलेटी व्हॅन, बाजूच्या काचेवर आमच्याच शाळेच्या बँडचं स्टिकर. पुढच्या काचेवर ऊन तळपत होतं. आत एक बाई, मोठा काळा गॉगल, सुनंदाताईंचे केस. त्यांचंही इंजिन चालू होतं, खाली एसीचं पाणी ठिबकत होतं.

मी म्हटलं ना, कुणीतरी पाह्यला येऊन बसेल म्हणून? आली की नाही? राग इतका की वाटलं जाऊन काचेवर मूठ मारावी. मारली नाही. त्याही हलल्या नाहीत. बराच वेळ दोन गाड्या समोरासमोर घरघरत उभ्या होत्या. मग मी रिव्हर्स घेतला आणि घरी आले. साडी बदलली, घडी घालून कप्प्यात ठेवली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आत त्या पोरांनी केक कापला असेल. मोजून चार टाळकी असतील टाळ्या वाजवायला.

मग मे महिना मी सुनंदाताईंना टाळण्यात घालवला. टेक्सासचा उन्हाळा सुरू झाला, दार उघडलं की ओल्या टॉवेलसारखी हवा अंगाला चिकटायची. बाबांचं येणं जवळ आलं. समोरच्या खोलीतली भिंत बघत मी बसून राहायचे. खिळा मारायचा की नाही? मारला तर सुजाताची यशू जाणार. नाही मारला तर बाबा दारातून आत पाऊल टाकतील, आणि काही बोलणार नाहीत.

जूनमध्ये काळ्या लोकांची परेड निघते, जूनटीन्थची. लोरेनच्या चर्चच्या ट्रकवर तिने आमच्या दोन्ही पोरींना क्लॅरिनेट वाजवायला उभं केलं होतं, म्हणजे तिची खरोखरच कमाल. त्यामुळे फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून लोरेन मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुनंदाताई, असा देखावा होता. ढोल येत होते, घोडे येत होते, मांस भाजल्याचा धूर सगळ्या रस्त्यावर. मी लोरेनला विचारलं, हा दिवस नेमका कसला?

"आमची सुटका झाल्याची बातमी पोचली तो दिवस," ती पंखा हलवत म्हणाली. "कायद्याने माणसं केव्हाच मोकळी झाली होती, हनी. पण इथे टेक्सासला कुणी सांगितलंच नाही. माणसं मोकळी होऊनही राबत राहिली."

"मग राग नाही येत?"

"येतो ना. राग येतो, आणि बार्बेक्यूही करतो." आणि ट्रक दिसल्याबरोबर ती ओरडत रस्त्याकडे धावली.

मध्ये तिची रिकामी खुर्ची. सुनंदाताई समोर बघतच म्हणाल्या, "तुझ्या क्लॉझेटमधला फोटो मी पाहिला होता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "लाइट चालू ठेवून गेलात." मनात म्हटलं, आता होऊन जाऊ दे.

"बाबासाहेबांना असं भिंतीकडे तोंड करून ठेवतात का गं?"

त्या आवाजात संताप होता. मी काय काय ऐकायची तयारी केली होती, तोऱ्याची, दयेची, 'आमच्या मनात तसलं काही नसतं हं' याची. पण रागावून घ्यायची नव्हती.

"आमचा स्वयंपाकघरात आहे," त्या म्हणाल्या. "वरच्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे. पण तोंड पुढे आहे."

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मला आधी वाटलं, ही खोटं बोलतेय. खरंच वाटलं. मी म्हटलं, "त्रिशरण म्हणा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्या ढोलांच्या गदारोळात, हात मांडीवर जोडून, खालच्या आवाजात त्यांनी त्रिशरण म्हटलं आणि थेट पंचशीलावर गेल्या. आमच्या विहारात म्हणायचे त्याच चालीत. दुसऱ्या ओळीला माझा आवाज त्यात कधी मिसळला मला कळलं नाही.

त्यांचं माहेर कामठीचं. म्हणजे आमच्या नागपूरच्या घरून सायकलने जाता येईल एवढं. यशूचं पूर्ण नाव यशोधरा. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यांची ती शुद्ध भाषा पहिल्यांदा सैल पडली. विद्यार्थ्याला माझा नंबर त्यांनीच दिला होता.

"मग मला तोंडाने काऊन नाही सांगितलं?"

"अन् तू त्यांच्यातली निघाली असती तं? गणपतीत एवढी आरती म्हणतं तू! मला वाटलं फोटो नवऱ्याचा असन, लव्ह मॅरेज असन."

"आणि पुऱ्या? मला आत येऊ दिलं नाही ते?"

"आत कोणाची तरी पुण्याची आई बसली होती. एकेकीला धरून कुळ अन् गोत्र विचारत होती. तुला कसं येऊ देऊ आत?" त्या थांबल्या. "मी काय सांगितलं तिला, ते नको विचारू."

मग लायब्ररीचं निघालं. "तुझी गाडी पाहिली मी," त्या म्हणाल्या. "वाटलं, तुला माझा सुगावा लागला, अन् तू पाह्यला आली कोण कोण येते ते."

"मलाही तेच वाटलं."

"पांढरी साडी नेसली होती मी. निळ्या काठाची. तू नुसती खाली उतरली असती तं दिसली असती."

"मीही नेसले होते," मी म्हटलं.

समोरून आमच्या पोरी गेल्या, बेसूर वाजवत. हात हलवायला हवे होते तेव्हा आम्ही दोघी खुर्च्यांवर बसून ओक्साबोक्शी रडत होतो. सुजाता नंतर म्हणालीच, "मॉम, वी वेअरन्ट दॅट बॅड."

मला संताप आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. सुनंदाताईंनी माझ्यासाठी सत्यनारायण घातला, मी त्यांच्यासाठी गणपती बसवला. दोघींच्याही घरात नको असलेले पाहुणे. एवढी वर्षं दोन रस्त्यांच्या अंतरावर राहून आम्ही एकमेकींपुढे नाटक केलं, आणि त्या नाटकाचे मालक तिसरेच कुणी. मनमोकळेपणाने मिळून साधे झिंगेसुद्धा खाल्ले नाहीत. ते मात्र पुढच्याच शनिवारी खाल्ले, हात कोपरापर्यंत बरबटवून.

बाबा आले तेव्हा फोटो समोरच्या खोलीत होता. खिळा सुनंदाताईंनी मारला, फोटो मी टांगला. बाबांनी बॅग खाली ठेवली, फोटोपुढे हात जोडले आणि म्हणाले, "भिंत नवी दिसते." माझ्या बाबांपासून काही लपायचं नाही. ग्रुपमधले काही फोन पुन्हा न्यू जर्सीसारखे बंद झाले. काही बंद झाले नाहीत, त्या लोकांवर मी आजही थोडा संशय ठेवून आहे. यशू कुठे गेली नाही. पुढच्या जयंतीला लायब्ररीतल्या त्या मुलांना टाळ्या वाजवायला दोन कुटुंबं जास्त होती.

सुनंदाताई आता फ्रीमाँटला असतात, यशूजवळ. इथली जयंती आता शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होते. पुण्याहून, नागपूरहून आयटीत आलेली पोरंपोरी येतात, व्हिसाच्या काळज्या आणि तान्ही बाळं घेऊन. बाहेर निळ्या झेंड्यांची रांग असते. पोरं म्हणतात, काकू, आता कोण घाबरतं? मी हो म्हणते. सुनंदाताईंचा मात्र त्या दिवशी हटकून फोन येतो. जयभीम झालं की पहिला प्रश्न, "पार्किंग पाहिलं का?"

पाहते ना. हॉलमध्ये शिरण्याआधी मी एक फेरी मारते. प्रमोद म्हणतो, झाली हिची गस्त सुरू. गेल्या वर्षी कडेला झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती. आत एक तरुण मुलगी, एकटी. सीटबेल्ट लावलेला, इंजिन चालू, नजर दारावर. मी गेले. काचेवर टकटक केली नाही, घाबरली असती. काही विचारलंही नाही. नुसती तिच्या समोर जाऊन उभी राहिले, उन्हात, साडी नीट दिसेल अशी.

जरा वेळाने इंजिन बंद झालं.